मिठआळीचा डावखुरा स्पिनर

कॉस्मास मच्याडो मस्कतच्या एका एअरकंडिशनिंग कंपनीत सतरा वर्षं स्टोअरकीपर आहे. स्टोअर त्याने फक्त बाहेरून पाहिलंय. पगार मिळतो तो कंपनीच्या टीमसाठी ओपनिंगला जाण्याचा. तो ओमानकडून अठरा सामने खेळला असल्यामुळे त्याच्याकडे पाइप मागायला कोणी जात नाही.

त्याचं गाव वसईजवळचं मिठआळी. मिठागरं बंद पडली, तेव्हापासून गावात करण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून कॉस्मासने कंपनीकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: टीमला लागणारा एक खेळाडू दरवर्षी तो गावाहून आणेल आणि कंपनी त्याला नोकरी देईल. पहिला खेळाडू त्याने स्वतः निवडला. तो खरंच खेळायचा. पुढच्या वर्षीपासून निवड गावाने हातात घेतली. रविवारची मिसा सुटली की चॅपलसमोर सभा भरते आणि सभेत क्रिकेटचा विषय निघत नाही. कोणाच्या घरात कमावणारं कोणी नाही, एवढंच विचारतात. तिसऱ्या वर्षी आलेला विकेटकीपर चेंडूला घाबरायचा.

यंदा टीमचे मॅनेजर प्रताप साहेब म्हणाले, "डावखुरा स्पिनर हवाय. आणि या वेळी आधी व्हिजिट व्हिसावर आण. नेटमध्ये बघीन, मग नोकरी."

सभेने स्टॅन्लीला पाठवलं. वय त्रेचाळीस, शाळेत कॉस्मासच्या दोन वर्षं पुढे. डावखुरा होता, म्हणजे सभेने अट पाळली होती.

मस्कतमधल्या वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये कॉस्मासची बायको व्हेरोनिका स्टॅन्लीला जेवायला वाढत होती.

"कधीपासून टाकतोस?" कॉस्मासने विचारलं.

"काय?"

"स्पिन."

"मला मंगळवारी कळलं," स्टॅन्ली म्हणाला. "आज शनिवार. सुरमई मस्त झालीय गो."

"परत जावं लागलं तर काय करशील?"

"मी काय करणार? थोरलीची शाळा सुटलीच आहे. धाकट्या दोघींची सुटेल." त्याने अजून थोडा भात घेतला.

तो हात धुवायला गेला तशी व्हेरोनिका म्हणाली, "नेटमध्ये बॅटिंग कोण करणार?"

"मी."

"मग आऊट हो."

"मुद्दाम?"

"सतरा वर्षांत चुकून कितीदा झालास! एकदा मुद्दाम हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रताप साहेब नेटच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. भिंतीपलीकडे एक गॅरेज होतं.

"सहा बॉल," ते म्हणाले. "एकदा कॉस्मासला आऊट करा. नोकरी तुमची. यल्ला, चला."

स्टॅन्लीने छातीवर क्रूस काढला आणि चेंडू टाकला. फुलटॉस. कॉस्मासने तो सोडायचं ठरवलं होतं. पण हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. चेंडू गॅरेजमध्ये गेला.

"सॉरी," कॉस्मास म्हणाला.

"सॉरी कोणाला म्हणतोयस?" प्रताप साहेबांनी विचारलं.

दुसरा गॅरेजमध्ये. तिसरा गॅरेजच्या छपरावर. चौथ्याला कॉस्मासने डोळे मिटून घेतले, तरी तो बॅटच्या मधोमध बसला. पाचवा बॉल नेटच्या बाहेरच पडला. तिथे कॉस्मासला काही करता आलं नाही. गॅरेजवाला भिंतीवरून डोकावून बघू लागला.

सहावा चेंडू दोन टप्पे खात, रमतगमत आला. कॉस्मासने बॅट खांद्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. चेंडू स्टंपला टेकला. एक बेल जरा विचार करून खाली पडली.

प्रताप साहेब उठून कॉस्मासजवळ आले.

"हा स्पिनर आहे?"

"तुम्ही बघितलंत ना, साहेब."

"मी काय बघितलं ते मला विचारू नकोस." त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. शब्द दिलाय, नोकरी देतो. पण जो याच्या बॉलवर बोल्ड होतो, त्याला मी ओपनिंगला पाठवू शकत नाही. वर जाब विचारतात. तुझ्या जागी कोणीतरी बघावा लागेल. तू एकेचाळिसाचा, मला निमित्तच हवं होतं. हवं तर आत्ता सांग, बॉल चुकून सोडला. मी नवी ओव्हर टाकायला लावतो."

कॉस्मासने स्टॅन्लीकडे पाहिलं. तो भिंतीपाशी उभा राहून गॅरेजवाल्याकडून चेंडू परत मागत होता.

"नाही साहेब. बोल्ड झालो."

"नीट विचार कर."

"खलास."

"मग उद्या सात वाजता स्टोअरला ये," प्रताप साहेब म्हणाले. "जुनं सामान मोजून घे. सतरा वर्षांचं आहे."

कॉस्मासने पॅड सोडले. तेवढ्यात स्टॅन्ली चेंडू घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "कॉस्मास, खरं सांग. मुद्दाम आऊट झालास ना?"

"नाही रे. बॉल चांगला होता."

स्टॅन्लीने चेंडूकडे बघितलं. "मलापण हातातून सुटताना तसंच वाटलं," तो म्हणाला. "शुक्रवारी मॅचला थोडा जोरात टाकू?"

"नको," कॉस्मास म्हणाला. "असाच टाक."