घड्याळाची झोप

माझ्या थोरल्याला डेअरीत सगळे 'घड्याळ' म्हणतात. दुधाचा टँकर घेऊन तो फाटकात शिरला की आतली माणसं आपापली घड्याळं लावून घ्यायची, इतका वेळेचा पक्का. एकोणिसाव्या वर्षी टँकर धुवायला लागला, पंचविसाव्या वर्षी चालवायला. चालवायला लागून आता बावीस वर्षं झाली. त्याच्या गाडीतलं दूध एकदाही नासलं नाही, हे तो स्वतः कधी सांगायचा नाही, म्हणून मी सांगते.

घोरायचा मात्र असा की भिंतीपलीकडची शेजारीण सकाळी विचारायची, "काय हो, काल टँकर घरातच लावला होता का?" आम्ही हसायचो. घोरता घोरता मध्येच सगळं गप्प व्हायचं आणि मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा तो हबकून श्वास घ्यायचा, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

दिवसा तो नुसता पाय ओढत चालायचा. चहाचा कप हातात तसाच राहायचा आणि मान खाली. सूनबाई म्हणायची, "वय झालं तुमच्या लेकाचं." मी म्हणायची, "मग माझं काय झालं असेल गं?"

एक दिवस सिग्नलला गाडी उभी असताना त्याचा डोळा लागला. दिवा हिरवा झाला, पुन्हा तांबडा, पुन्हा हिरवा, आणि घड्याळ बंद. शेवटी मागच्या गाडीवाल्याने येऊन दार बडवलं. कोणाला खरचटलंही नाही. पण डेअरीने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली.

दवाखान्यात त्याला अंगभर तारा लावून एक रात्र झोपवलं. तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो म्हणाले. त्यावर औषध नाही, मशीन. डब्याएवढं यंत्र, त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. त्यातून हवा जोराने येते आणि घसा उघडा ठेवते. मशीनच्या पोटात एक कार्ड असतं. मास्क किती वेळ लावला होता, ते त्यावर आपोआप लिहिलं जातं. डेअरीची अट अशी, की तीस दिवसांत निदान एकवीस रात्री चार-चार तास कार्डावर दिसले पाहिजेत, तर किल्ली परत. नाहीतर फाटकावरच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, ते कायमचे.

चार तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं आम्हाला. पहिल्या रात्री त्याने अर्ध्या तासात मास्क ओढून काढला. "आई, चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर तोंड काढून झोपल्यासारखं वाटतं गं." दुसऱ्या रात्री पट्टा आवळून बांधला, तर सकाळी गालावर लगाम घातल्यासारखे वळ आणि तोंडाला कोरड. तिसऱ्या रात्री झोपेतच काढून भिरकावला. सूनबाईच्या कपाळाला लागला. ती बिचारी उशी घेऊन माझ्या खोलीत आली.

दहा दिवस झाले. सकाळी तो मशीनवरचा आकडा वाचायचा. एक तास दहा. पन्नास मिनिटं. डबा घ्यायचा आणि फाटकावर जायचा. बावीस वर्षं रस्ता बघितलेला माणूस दिवसभर एका खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजत होता. माझा जीव तुटायचा.

आता मी काय केलं ते सांगते. मी उभी हयात दोऱ्याच्या कारखान्यात रिळं भरली. आम्हाला प्रत्येकीला रोजचा कोटा असायचा. एखादी तापाने फणफणली, एखादीचे दिवस भरत आले, तर आम्ही तिला कोपऱ्यात बसवायचो आणि तिची रिळं आपसात भरून टाकायचो. मुकादमाला कोटा पुरा दिसायचा. यात काही खोटं आहे असं आमच्यातल्या एकीलाही कधी वाटलं नाही. उलट जी भरणार नाही तिच्याशी आम्ही बोलायचं टाकायचो.

तर लेकाचा कोटा कमी पडत होता आणि मी घरात रिकामी.

सूनबाई कामावर गेली की दुपारी एक वाजता मी मास्क लावून त्याच्या पलंगावर पडायची. तीन-साडेतीन तास. झोप कुठली येतेय? पण काम नीट व्हावं म्हणून मी अगदी मोजून श्वास घ्यायची, आत, बाहेर, एकाही रिळात गाठ पडता कामा नये तसं. मग मास्क पुसून होता तसा ठेवायची. सकाळच्या आकड्यात आदल्या दुपारचे तासही धरलेले असायचे, तो वाढलेला बघून लेक चकित व्हायचा. "मला तर वाटलं लवकरच काढला." मी म्हणायची, "झोपेत माणसाला काय कळतंय?"

अकरा दिवस असे गेले.

मग एका संध्याकाळी तो आला आणि बूटसुद्धा न काढता बसला. दवाखान्याने कार्ड वाचून कागद डेअरीला पाठवला होता. त्यावर रोज दुपारी एक ते चार हा माणूस मास्क लावून झोपलेला. आणि फाटकाच्या वहीत त्याच वेळी त्याच्याच अक्षरात गाड्यांचे नंबर. मॅनेजरने दोन्ही समोर ठेवले. "यातलं एक खोटं आहे. कोणतं ते उद्या येऊन सांग."

"आता खिडकीतूनही काढतील," तो म्हणाला. "मशीनच बिघडलंय. दुसरं काय?"

खरं सांगते, मी गप्प राहिले. बिघडलेल्या मशीनला कोण शिक्षा करतंय, म्हटलं. पण त्या रात्री पुन्हा तो मास्क लावून उताणा पडला. बिघडलंय म्हणाला, तरी तेच मशीन इमानाने चालू करून. मला ते बघवेना.

सकाळी चहा देताना सांगून टाकलं. सूनबाई हसायला लागली आणि त्याचं तोंड बघून थांबली.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही."

"बावीस वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नाही, आई."

मी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर निघाले.

मॅनेजरने दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईलाही बोलावलं होतं. सूनबाईहून लहान असेल. मी सगळं सांगितलं, कारखान्याचं, रिळांचं, सगळं. मॅनेजर वहीकडे बघत बसला. ती बाई कागद उलटून म्हणाली, "तरीच. रात्री श्वास अडकतोय आणि दुपारी कसा एका सुरात. मला वाटलं, दुपारी हा माणूस बरा कसा होतो!" मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "आजी, कोटा भरला असता हो. किल्लीही मिळाली असती. मग पुढच्या सिग्नलला जागं कोण राहणार होतं, तुम्ही?"

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. रिळं कोणीही भरली तरी रीळ भरतं. झोपेचं तसं नाही. मी खाली बघून पायातल्या चपला सारख्या केल्या.

मॅनेजरने वही मिटली. "एक तारखेपासून पुन्हा तीस दिवस. आणि आजींनी दुपारी बाहेर फिरायला जायचं."

त्या बाईने लेकाचा मास्क बदलला, एक माप लहान दिला. हवा आधी हळू सोडून मग वाढवायचं एक बटण असतं, ते दाखवलं. पट्टा दोन बोटं जातील इतका सैल. आणि म्हणाली, "तुमच्या आईने जे केलं, ते तुम्हीच करायचं. संध्याकाळी जागेपणी लावून नुसतं बसायचं, म्हणजे अंगवळणी पडतं."

मग रोज संध्याकाळी तो मास्क लावून खुर्चीत आणि मी समोर लसूण सोलत. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मास्क होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी नळी हलवून काहीतरी विचारलं. मला वाटलं पाणी मागतोय. मास्क वर करून म्हणाला, "दुपारी एवढा वेळ कशी पडून राहायचीस गं? नाकाला खाज नाही सुटली?"

"सुटायची ना. खाजवणार कशी? तुझे तास कमी झाले असते."

तो पुन्हा मास्क लावून बसला. खांदे हलत होते.

तीन तास झाले, साडेतीन झाले, मग पुन्हा दोनवर आले, मग हळूहळू चारच्या वर गेले. सर्दी झाली तेव्हा तर दोन रात्री गेल्याच. तिसाव्या दिवशी कार्डावर बावीस रात्री भरल्या, एक जास्तच. किल्ली मिळाली. सध्या जवळचा रस्ता दिलाय, लांबचा पुढे बघू म्हणालेत.

तो पहाटे निघून गेला. दमलेला दिसतो अजून, बावीस वर्षांची झोप काय महिन्यात भरून निघत नाही. दुपारी मीही त्याच पलंगावर जरा आडवी झाले. आता कोणाचा कोटा नव्हता, तरी डोळा लागेना. मशीन उशाशी तसंच, आणि मास्क धुवायचा राहिलेला. उठले आणि धुऊन वाळत टाकला. तेवढं केलं तर चालत असावं.