दर चौथ्या मंगळवारी

संधिवातानं बोटं आखडली तेव्हा मी अकोल्याच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर होते. आधी हातातून खडू सुटायला लागला, मग साडीच्या निऱ्या धरता येईनात. वर्षभर गोळ्या घेऊनही फरक पडला नाही, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होता. दर चौथ्या मंगळवारी सलाईनमधून औषध द्यायचे. काहींना खरं औषध, काहींना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळतंय हे आम्हालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. रिसर्चच्या मॅडमनी संमतीपत्र दोनदा वाचून दाखवलं. त्यावरची माझी सही इतकी वाकडी आली की ती माझी मलाच ओळखू येईना.

पहिल्याच मंगळवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर वलगावची एक बाई होती. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. झेंडू आणि शेवंतीची शेती, घरीच हार करून अमरावतीत विकायचे. तिची बोटं माझ्यापेक्षा वाईट होती. सुई धरणं तिनं कधीच सोडलं होतं.

"मास्तरीनबाई, तुमाले काय वाटते?" सलाईन सुरू झाल्यावर तिनं विचारलं. "आपल्यात खरं औषध कोनाले भेटून राहिलं?"

मी म्हटलं, "कोण जाणे, ताई."

"मले तं पानीच देत असन. मह्यं नशीब मले ठाऊक हाय."

आणि ती हसली. सिस्टरनं वळून पाहिलं, इतकी मोठ्यानं.

सलाईन संपायला चारेक तास लागत. त्याआधी डॉक्टर एकेक सांधा दाबून सूज मोजायचे, मग एक यंत्र मुठीत दाबायला लावून पकडीचा जोर पाहायचे, मग दुखणं दहापैकी किती ते विचारायचे. ताई दर खेपेला म्हणायची, "दहाच्या वर आकडा नाही का जी?" उरलेल्या वेळात आम्ही बोलायचो. तिच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या वर्गातली पोरं, कोणत्या सणाला कोणती फुलं खपतात. तिसऱ्या खेपेपर्यंत ती मला अगं-तुगं करायला लागली होती. मी शाळेत आणि घरी पुस्तकी बोलायचे, पण तिच्याजवळ बसले की माझ्या आईची भाषा आपोआप तोंडात यायची. मी पहाटे उठून बडनेऱ्याची गाडी पकडायचे, तिथून अमरावतीपर्यंत ऑटो. नवरा म्हणायचा, दवाखान्यात चाललीस की माहेरी?

चौथ्या खेपेच्या आसपास माझी बोटं मोकळी व्हायला लागली. एका सकाळी मी वेणी स्वतः घातली आणि आरशासमोर रडले. पण अमरावतीला गेल्यावर मला ते ताईला सांगता येईना. तिच्या मनगटावरची सूज तशीच होती. मग मी हात पदराखाली ठेवायला लागले. डबा उघडायला सिस्टरला हाक मारायचे, जशी आधी मारायचे तशीच.

सहाव्या खेपेला ताईनं पिशवीतून एक संत्रं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"सोल."

"सिस्टर देतीन न सोलून."

"सिस्टर नाही, तू सोल. दोन खेपा झाल्या, मी पाहून राहिली. हात लपवून ठेवते काहून?"

मी संत्रं घेतलं. सालीत अंगठा घातला, तो सहज गेला. सोलून झालं. मी एक फोड तिच्या हातावर ठेवली. ती तिनं तोंडात टाकली, बी थुंकली आणि म्हणाली, "चांगलं झालं माय. एकीचं तं झालं."

मी मान खाली घालून बसले. तिनं मला रडूही दिलं नाही. लगेच सुनेची काहीतरी गोष्ट सांगायला लागली.

पुढच्या मंगळवारी तिची खुर्ची रिकामी होती. रिसर्चच्या मॅडम म्हणाल्या, ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, म्हणून त्यांना अभ्यासातून काढून नेहमीचे उपचार सुरू केलेत. मी फोन नंबर मागितला. पेशंटची माहिती देता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. माझ्याकडे तिच्या मुलाचा एक नंबर होता, तो बंद लागला. उरलेल्या सगळ्या खेपा मी एकटीनं काढल्या. शेजारच्या खुर्चीवर बसणारे कानात वायरी घालून मोबाइल बघत असायचे.

अभ्यास संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं की मला खरं औषध मिळत होतं. त्याच आठवड्यात मी वलगावला गेले. फुलवाल्यांची घरं विचारत विचारत तिच्या घरी पोचले. सून म्हणाली, सासूबाई परतवाड्याला लेकीकडे राहतात, शेताचं काम होत नाही ना आता. तिनं फोन लावून दिला.

"कोन? मास्तरीन?" आवाजावरूनच तिनं ओळखलं. "हात कसे हायेत तुहे?"

"बरे हायेत, ताई. मले खरं औषध होतं."

"ते तं मी तवाच सांगतलं असतं. मलेबी दुसऱ्या दवाईनं थोडं बरं हाय. सुई नाही धरता येत, पन नातवाले घास भरवता येते." मग म्हणाली, "ये न इकडे. गुरुवारी बाजार राहते."

येते म्हटलं. त्यानंतर कितीतरी गुरुवार गेले. परतवाडा काही लांब नाही, आणि सुट्ट्याही होत्या. पण बॅग भरायला घेतली की हात थांबतो. लेकीच्या घरी ती मला चहा करून देईल, जावई विचारपूस करतील, आम्ही दोघी बऱ्या झालेल्या बायकांसारख्या बसू. मला ओढ आहे ती त्या चार तासांची, हाताला सुई लावलेल्या, कुठंही उठून जाता न येणाऱ्या. आजारपणाची आठवण यावी याची लाज वाटते, म्हणून घरी कोणाला सांगत नाही. मंगळवारी शाळेत मधल्या सुट्टीत तिला फोन मात्र करते. कधी उचलते, कधी नाही.