मूठभर बहावा

मॅडम आधी बी आणणाऱ्याच्या चपला बघायच्या, मग बी. चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "पाय पुढं कर." मेळघाटच्या डोंगरातून बी वेचून आणलंय म्हणणाऱ्या एकाच्या चपला अगदी कोऱ्या करकरीत होत्या. "डोंगरात उडत गेलता काय बापू?" एवढंच त्यांनी विचारलं. तो पोतं उचलून गुपचूप चालता झाला.

बी मूळचं कुठल्या रानातलं आहे याचा दाखला देणं, हे मॅडमचं अमरावतीतलं काम. मेळघाटात लावायचं झाड मेळघाटातल्याच बियाचं हवं. तिथलं ऊन, तिथले दगड त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. माझी बडनेऱ्याजवळ रोपवाटिका. मॅडमची सही हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न असल्यानं मी त्यांच्याशी फार अदबीनं वागत असे. त्याचा काही उपयोग होत नसे.

झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही. त्यासाठी त्या अचलपूरची एसटी धरून पुढे मिळेल त्या वाहनानं डोंगराच्या पायथ्याशी जायच्या. फोटो पाठवला तर नाही का चालणार, असं मी एकदा विचारून पाहिलं.

"फोटो पाहून माह्या मामानं म्हैस घेतली होती. विचारा त्याले."

एका वर्षी पायथ्याच्या गावातल्या बचत गटानं पहिल्यांदाच बहाव्याचं बी गोळा केलं. बायकांनी उन्हाळाभर शेंगा फोडल्या, चिकट गर काढला, सुपात बी पाखडलं. दाखला मिळाला की ते जंगलातल्या लागवडीसाठी चांगल्या भावानं जाणार होतं, आणि रोपांचं काम मला मिळणार होतं. मीही सोबत गेलो होतो. मॅडम रानातली झाडं पाहून आल्या. खूश होत्या. ओट्यावर चहा आला, सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात गटाची म्होरकी, एक हसतमुख मावशी, कौतुकानं सांगू लागली, "शेजारच्या गावातल्या माह्या नणंदेनं आमची सुपं नेलती. वापस करताना रिकामी नाही देल्ली बरं. एकेका सुपात मूठ-मूठ बहावा टाकला. तोबी पोत्यात घातला आमी."

"तिच्याकडं बहावा कुठला?" मॅडमनी विचारलं.

"रोडवरचा. सरकारनं लावला थो."

म्हणजे कुठून कुठून आणलेल्या रोपांचा. मॅडमनी पेन बंद केलं.

मी धीर केला. "मॅडम, मूठभर तर आहे."

"बरं. कोणती मूठ थे दाखवा, काढून टाकते."

बी सगळं एकसारखं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "नणंदेनं काई वाईट नाही केलं माय. मीबी रिकामं सूप नसतं देल्लं. पण सही खोटी होईन."

परतीच्या एसटीत मी रागानं खिडकीबाहेर बघत बसलो. परतवाडा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "बी खराब नाही हाय. शहरात लावाले कोणाच्या बापाचा दाखला लागते?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, नाही म्हटल्यावर स्वतःच कामाला लागणारी. मॅडम शाळा, कॉलन्या, कचेऱ्यांमध्ये फिरल्या आणि रोपांना गिऱ्हाइकं गाठून दिली. जंगलाचा भाव मिळाला नाही, पण बायकांची मेहनत वाया गेली नाही. चार रोपं त्यांनी स्वतः आपल्या गल्लीतल्या विहारासमोर लावली.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. यंदा बुद्धपौर्णिमेला मी त्या गल्लीत गेलो, तर विहारासमोर बहावा पिवळाधम्मक फुललेला. जुन्या काळ्या शेंगाही लटकत होत्या. अकोल्याचा एक ओळखीचा रोपवाटिकावाला त्या निरखत उभा होता.

"बी नेऊन राहिलो भाऊ," तो म्हणाला. "मेळघाटचाच न हा? तसं लिहितो."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. बहुतेक ते खरंही असेल.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

तो खट्टू होऊन निघून गेला. मला मॅडमची इतकी आठवण आली की विहाराच्या पायरीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो.