बारा आण्यांचा कापूस

हसायचं तर हसा, पण चहा सांडू देऊ नका. त्या चहातल्या दुधाचाच हा किस्सा आहे. माणूस मूर्खपणा करतो, त्यात नवल काही नाही. पण केलेला मूर्खपणा चावडीवर उभं राहून स्वतःच्याच तोंडाने, तोही खणखणीत आवाजात वाचून दाखवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नाही ना? मग नीट बघून घ्या. समोरच बसलाय.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव बोरीपासून दोन कोसांवर, तालुका जिंतूर. तहसिलीचा सगळा कारभार उर्दूत. पटवारी बोरीला राहायचा, चार गावं सांभाळायचा, आमच्याकडे कधीमधी उगवायचा. मग एरवी गावात उर्दू लिहिता-वाचता येणारा माणूस कोण? मी! जिंतूरच्या सरकारी शाळेत चार बुकं शिकून आलो होतो. कुणाला समन्स येवो, कुणाला नोटीस येवो, कागद आधी माझ्या ओसरीवर यायचा. गाव मला मुन्शी म्हणायचं. मी वरवर नको नको म्हणायचो, पण खरं सांगतो, ते ऐकलं की छाती दोन बोटं वर यायची.

दुसरा अभिमान माझ्या कापसाचा. मानवतच्या बाजारात माझी गाडी आली की व्यापारी म्हणायचे, आला बाबा, आता तास गेला. त्यांनी भाव बोलला रे बोलला की माझ्या तोंडून त्याच्यावरचा आकडा निघायचा. विचार करावा लागायचा नाही. शिंक यावी तसा यायचा! हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर त्या वर्षी बोंडं फुटायच्या ऐन वेळी आठ दिवस पावसाची झड लागली. बोंडं काळी पडून झाडावरच सडली. सगळ्या शिवाराचं तेच. त्यात शेतसाऱ्याची तारीख आली. घरात निम्म्या साऱ्यापुरतेच हाली सिक्के, म्हणजे निजामाचे रुपये. शेवटी आमची म्हैस काढावी लागली. चंद्री तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्या बायकोने, गयाने, ती पारडू असल्यापासून वाढवलेली.

घेतली कुणी? नागोरावने! आमचा शेजारी. घराला घर लागून आणि शेताला बांध लागून. त्याचा मेव्हणा मानवतला अडत्याकडे होता, त्यामुळे त्याच्या गाठीला थोडे पैसे होते. माणूस वाईट नव्हता. उलट म्हणाला,

"मुन्शी, संक्रांतीपस्तोर पैसे दिले तर म्हैस तुझी. त्याच्या पुढं मात्र माझी. न्हाई म्हणायचं न्हाई."

"दिले!" मी म्हणालो. पण संध्याकाळी गया दावं हातात घेऊन रिकाम्या गोठ्यात उभी होती, ते मी पाहिलं. पलीकडून चंद्री हंबरली की ती इकडे ओ द्यायची. मला ते बघवायचं नाही.

आणि पंधरा दिवसांत बातमी आली, सरकार साऱ्यात सूट देणार! पटवारी चावडीवर आला आणि सगळ्यांना समजावून सांगू लागला.

"हे बघा, भरलं पीक म्हंजे सोळा आणे. ज्याचं पीक सहा आण्याच्या आत आलं, त्याला निम्मा सारा माफ. ज्यानं आधीच भरलाय त्याला जास्तीचा परत मिळंल."

परत! मी गणित केलं. निम्मा सारा म्हणजे बरोबर चंद्रीचे पैसे! घरी जाऊन गयाला सांगितलं तेव्हा तिने तिथूनच पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. चंद्री परत आली की तिच्या दुधाचा खवा करून पेढे वाहीन म्हणाली.

आता अर्ज करायचे दोन रस्ते होते. पटवारी म्हणाला, "माझं ऐका. सगळ्या शिवाराची मिळून एकच दरख्वास्त करा. साहेब वरवर बघत्याल, सरासरी धरत्याल, सगळ्यांना सारखी सूट. न्हाईतर ज्याची त्याची येगळी करा. मग परत्येकाचं रान येगळं बघत्याल."

शहाण्या माणसाने काय केलं असतं? एकच अर्ज केला असता आणि घरी जाऊन झोपला असता. पण सरासरी? म्हणजे माझा कापूस आणि नागोरावचा कापूस एका कागदावर, एका मापाने? नागोराव, ज्याच्या कापसात कापूस कमी आणि गवत जास्त!

"न्हाई," मी उठून म्हणालो. "ज्याची त्याची येगळी. लिहायला मी हाय ना!"

गाव खूश. एकतीस लोकांच्या आणि माझी एक, अशा बत्तीस दरख्वास्ती मी लिहिल्या. तीन दिवस मान वर केली नाही. आजही सांगतो, एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. नुसतं लिहून थांबलो नाही, गावाला शिकवलंसुद्धा. तहसिलीचे गिरदावर साहेब पाहणीला येतील तेव्हा धुतलेलं धोतर नेसायचं नाही. पुरणपोळीचा बेत करायचा नाही, पिठलं-भाकरी पुढे ठेवायची. रानात जो कोपरा सगळ्यांत सडलेला, तिथे आधी न्यायचं. आणि साहेब जो आकडा बोलतील त्यावर तोंड उघडायचं नाही, खाली मान घालून उसासा सोडायचा. नागोरावकडून तर मी तो उसासा तीनदा करून घेतला!

गिरदावर साहेब घोड्यावरून आले. पांढरी दाढी, शांत बोलणं, भला माणूस. एकेकाचं रान बघत निघाले. कुठे चार आणे, कुठे पाच, कुठे तीन. लोक उसासे टाकत होते. काय सुंदर उसासे! मी मागून चालत होतो आणि माझे विद्यार्थी बघून मला भरून येत होतं. साहेब मला म्हणालेसुद्धा, "मुन्शीजी, क्या खत है तुम्हारा! ऐसी दरख्वास्त तो तहसील में भी नहीं लिखते."

झालं! अक्षराची तारीफ ऐकून तिथेच माझा फेटा अर्धी वीत वर गेला.

शेवटी नागोरावचं आणि माझं रान राहिलं. मधल्या बांधावर साहेब उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. म्हणाले, "दोनों एक जैसे. चार आने, चार आने."

खरं तर काम फत्ते झालं होतं. चार आणे म्हणजे सूट पक्की, चंद्री घरी. नागोरावने ठरल्याप्रमाणे मस्त उसासा टाकला. आता मी टाकायचा.

पण माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती. दोनों एक जैसे?

तुम्हीच सांगा, मी तीन वेळा कोळपणी केलेली. वरच्या पट्टीत पाणी तुंबू नये म्हणून भर पावसात चर खोदलेला. आणि हा नागोराव घोंगडं पांघरून ओसरीत बसलेला. एक जैसे?

"साहेब," मी म्हणालो, "जरा वरची पट्टी तर बघा."

नागोरावने मागून माझं धोतर ओढलं. मी मनात म्हणालो, बघा, जळायलाय!

साहेब वरच्या पट्टीत आले. तिथे बोंडं खरोखर बरी होती. जेमतेम दोन पांड, एका कोपऱ्याएवढी जागा असेल. तुम्हाला म्हणून सांगतो, सगळं रान धरलं तर पीक पाच आणे होतं. पाच. त्याच्यावर एक दमडी नाही. साहेब म्हणाले, "हौ, यहाँ अच्छा है. चलो, छे आने."

आकडा बोलला गेला. माझ्यासमोर! आणि मला मानवतची शिंक आली.

"सहा? साहेब, तुमी कापूस बघितलाय का कधी?"

"मुन्शीजी, सोच के बोलो. आठ?"

"आठ आण्याला तर नुसती पऱ्हाटी न्हाई देत मी!"

"आरं गप!" नागोराव कानाशी कुजबुजला. "म्हैस! म्हैस आठव!"

मला वाटलं, माझं रान मोठं होतंय ते याला सोसवत नाही. मी त्याचा हात झटकला आणि बोंड तोडून साहेबांच्या तळहातावर ठेवलं. "हा धागा बघा साहेब. वढून बघा. तुटतोय का?"

साहेबांनी ओढून पाहिला. तुटला नाही. ते माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. "दस?"

"बारा!"

"बारा. पक्का?"

"पक्का!" म्हणून मी चक्क हात पुढे केला. बाजारात सौदा ठरल्यावर देतात तसा! साहेबांनी तो हातात घेतला, हसले, वहीत लिहिलं आणि घोड्यावर बसले.

घोडा वळणाआड गेला तरी मी छाती काढून उभा होतो. चारावरून बारावर नेला होता भाव! तेवढ्यात नागोराव बांधावर मटकन बसला आणि म्हणाला, "मुन्शी, इकत कोन हुतं अन् घेत कोन हुतं रं?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पण माणसाची आशा बघा. मी म्हणालो, "साहेब समजूतदार हायेत. मैतरीत बोललो मी. ते बराबर चारच लिवत्याल." नागोरावने आकाशाकडे पाहिलं. पण त्याने हे गावात कुणाला सांगितलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. तो त्याचा मोठेपणा. मी घरी येऊन गयाला म्हणालो, काम झालं. तिने गोठा सारवून घेतला. चंद्रीचं दावं धुऊन खुंटीला लावलं.

संक्रांतीला आठ दिवस राहिले आणि तहसिलीचा चपराशी हुकूम घेऊन आला. उर्दूत! वाचणार कोण? मीच. गाव चावडीपुढे गोळा झालं. देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या, त्यांत गया. आज म्हैस घरी न्यायची म्हणून दावं सोबतच आणलं होतं तिने.

मी एकेक नाव वाचत गेलो. मंजूर. मंजूर. निम्मा सारा माफ, भरलेला परत. लोक उड्या मारायला लागले. एकतीस नावं झाली, एकतीसच्या एकतीस मंजूर. हे कुणाच्या लिहिण्याचं यश? पण असो.

बत्तिसावं नाव आलं आणि मी कागदाची घडी घालायला लागलो.

"वाच की रं मुन्शी! तुझंच ऱ्हायलंय!"

खोटं वाचलं असतं तर? कुणाला कळणार होतं? पण कागदावर पुढे काय लिहिलं होतं माहीत आहे? साहेबांनी लिहिलं होतं की हा काश्तकार, म्हणजे शेतकरी, मेहनती आहे, हुशार आहे, शेजारी चार आणे पिकत असताना याने बारा आणे पिकवले, बाकीच्या काश्तकारांनी याच्याकडून धडा घ्यावा!

निजाम सरकारच्या शिक्क्याचा कागद आणि त्यात माझी तारीफ! ती न वाचता घडी घालू? माझ्याने होणार होतं का? खणखणीत आवाजात वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मराठी करून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फेटा सारखा केला.

टाळ्या थांबल्यावर ओट्यावरून गया म्हणाली, "चांगलं झालं. अन् पैसे?"

मी कागदाची शेवटची ओळ वाचली. अगदी हळू वाचली. "दरख्वास्त नामंजूर."

"का म्हून?"

"दरख्वास्तगुजाराच्या सोताच्या बयानापरमानं."

"सोताच्या म्हंजे कोनाच्या?"

नागोराव मान खाली घालून बसला होता. हसत होता की रडत होता, देव जाणे. गया उठली, दावं तिने नागोरावच्या बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या वैनी. तिला ह्याच दाव्याची सवं हाय." आणि घरी निघून गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची खरी लाज वाटली. टाळ्या अजून कानात होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं.

संक्रांत गेली. चंद्री नागोरावची झाली. बोलल्याप्रमाणे मी नाही म्हणालो नाही. नागोराव पोखर्णीला जाऊन चंद्रीच्या खव्याचे पेढे वाहून आला, का तर मुन्शीच्या दरख्वास्तीने त्याला सूट मिळाली! प्रसाद पहिल्यांदा आमच्या घरी आला. मी दोन खाल्ले. गयाने सगळा डबा ठेवून घेतला.

आता सगळं गेलं. निजाम गेला, हाली सिक्का गेला. पण तो कागद गेला नाही. मान वर करा, तुमच्या डोक्यावर भिंतीला काचेत लावलाय बघा. जिंतूरहून चौकट करून आणली. पाहुणे आले की मी वाचून दाखवतो, आणि आतून गयाचं ठरलेलं वाक्य येतं, "त्या कागदाची धार निघती का इचारा." कारण तुम्ही पिताय त्या चहाचं दूध रोज नागोरावच्या गोठ्यातून येतं. विकत! चंद्रीच्या नातीचं आहे. तिच्याही कपाळावर पांढरा ठिपका आहे.

काय म्हणालात? म्हणजे कापूस खरा पाचच आणे होता ना?

अहो, पाच काय पाच! तुम्ही कापूस बघितलाय का कधी? सात तरी म्हणा!