पट्टा सरळ होता

माझा मामा आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही. खोटं न बोलणं म्हणजेच खरं बोलणं, असं त्याला वाटायचं, आणि माझं त्याच्याशी भांडण आहे ते एवढ्यावरूनच.

तो बोटी रंगवायचा. नव्या नव्हे, जुन्या. कुणाला आपली मासेमारीची बोट विकायची असली की गिऱ्हाईक येण्याआधी ती धक्क्यामागच्या शेडमध्ये मामाकडे यायची. मामा जुना रंग खरवडायचा, भेगा पुट्टीने बुजवायचा, पॉलिश पेपरने घासून रंगाचे दोन हात द्यायचा. शेवटी पाण्याच्या पातळीच्या वर, पुढच्या टोकापासून मागपर्यंत, चार बोटं रुंदीचा पांढरा पट्टा ओढायचा. ना दोरी, ना खडूची खूण. उजव्या हातात ब्रश, डावा हात पाठीमागे आणि दातांत काडेपेटीतली एक काडी. पट्टा इतका सरळ यायचा की सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. आईला त्या नावाचा राग यायचा. मामाला मनातून ते आवडायचं.

आता जुनी बोट रंगवणाऱ्याला तिची सगळी दुखणी कळतात. कुठली फळी आतून भुसभुशीत झालीय, कुठला खिळा गंजून नुसता नावाला उरलाय, हे विकणाऱ्यालाही कधी कधी माहीत नसतं, पण खरवडणाऱ्याला माहीत असतं. विकणारा सांगायचा, हे आपल्या दोघांतच राहू दे. मामा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "मी कुणाला तोंडाने काही सांगत नाही." त्यातला 'तोंडाने' हा शब्द विकणाऱ्याच्या कानावरून जायचा.

कारण मामा हाताने सांगायचा. ज्या फळीत दोष असेल, नेमका तिच्या वर तो पांढरा पट्टा नखभर खाली वाकवायचा. एवढासा बाक. विकणाऱ्याने पाहिलाच तर तोच समजून घ्यायचा, हात हलला, वय झालं. दोन दगडांवर पाय, पण तोल पक्का.

ही खूण जगात एकाच माणसाला ठाऊक होती, माझ्या बाबांना. तीही कुणी सांगितली नव्हती. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. एकदा कुणासाठी तरी जुनी बोट बघायला गेले असताना त्यांनी मेहुण्याला सहज विचारलं, "दादा, इथे हात हलला का?" मामाने दातांतली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली आणि म्हणाला, "माझा हात कधी हललेला पाहिलाय, दाजी?" बाबांनी खिशातला चाकू काढून त्या बाकाखालची फळी टोचली. पातं मुठीपर्यंत आत गेलं. त्यानंतर वीस वर्षं त्या दोघांनी या विषयावर एक अक्षर उच्चारलं नाही. हा त्यांच्यातला नियम होता. बोलायचं नाही, म्हणजे मामाला कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगता यायचं, मी गप्प होतो म्हणून.

आणि बाबांचं नाव झालं. जुनी बोट घ्यायची तर यांना बरोबर न्या, यांना फळीच्या आतलं दिसतं, असं लोक म्हणू लागले. अर्थात बाबा नुसत्या खुणेवर अवलंबून नसत. इंजिन बघायला जाताना ते आगाऊ निरोप द्यायचे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोचताच आधी त्यावर हात ठेवायचे. गरम लागलं तर समजायचं, थंड असताना ते सुरू होत नाही. तेल काढून बघायचे, ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. बोटीचा तळ स्वच्छ धुऊन कोरडा केलेला दिसला की सगळ्यांना आनंद व्हायचा आणि बाबांना संशय यायचा. बोट दोन दिवस पाण्यात उभी ठेवा, मग बघतो, असं म्हणायचे. आणि का विकताय, हा प्रश्न तीन वेगळ्या दिवशी विचारायचे. खरं कारण असेल तर तिन्ही वेळा उत्तर एकच येतं.

हे सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःची बोट हे त्यांचं स्वप्न होतं, आणि ते आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं सतत टिकटिक करत असायचं. आई वैतागून म्हणायची, बोट येईल तेव्हा तिलाच जेवायला वाढते, तुम्ही उपाशी राहा.

माझी गोष्ट इथे सुरू होते. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि धक्क्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचे. एके दिवशी मामा आला, दुकान रिकामं होईपर्यंत खिळे चाळत बसला आणि मग हळूच म्हणाला, कागदी चिकटपट्टीची दोन रिळं दे. भिंत रंगवताना कड सरळ यावी म्हणून लावतात ती. मी हसले. म्हटलं, फूटपट्टीला चिकटपट्टी कशाला? तो हसला नाही. त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला. हात थरथरत होता, आणि काचेखालची स्क्रूंची डबी त्याबरोबर वाजत होती.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "आईलाही नाही. बाबांना तर नाहीच."

मी शब्द दिला. मला वाटलं, पिकलेले केस काळे करतात, त्यातलाच प्रकार. म्हाताऱ्या माणसाची एवढी हौस झाकली तर कुणाचं काय जातं? दर महिन्याला मी रिळं वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवायचे आणि मामाचं गुपित आपल्याजवळ आहे याचा मला चक्क अभिमान वाटायचा. खुणेबद्दल मला काही माहीत नव्हतं. बाबांना खूण माहीत होती, पण चिकटपट्टी माहीत नव्हती. एकाच घरात, एकाच पंगतीला जेवणारी आम्ही दोन माणसं, आणि अर्धं अर्धं धरून बसलो होतो.

त्या वर्षी मोसमाच्या तोंडावर एक निळी बोट मामाकडे आली. मागे, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथली फळी पार गेलेली होती. मामाने पुट्टी भरली, रंग दिला, चिकटपट्टी लावली. त्या फळीपाशी पट्टी थोडी वाकवूनही लावली. पण हाताने ओढलेल्या रेषेत हात हलला असं वाटून जातं, चिकटपट्टीच्या कापल्यासारख्या कडेत काय हललं वाटणार? विकणाऱ्याच्या डोळ्यांत तो बाक लगेच भरला. हे सरळ करा, म्हणाला. मामाने केलं. घेणारा कुणी लांबचा असेल, तो काही ही खूण वाचणारा नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली. हे सगळं मला नंतर कळलं.

बोट विकणाऱ्याने ती पलीकडच्या धक्क्याला नेऊन बांधली. तिथे ती बाबांनी पाहिली. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून वीस वर्षं पाळलेले नियम बाबांनी एका सकाळीत गुंडाळून ठेवले. इंजिन आधीच सुरू होतं. तळ धुतलेला होता. का विकताय हे एकदाच विचारलं. चाकू टोचला तो पुढे, हाताला सोपं पडलं तिथे. मागे त्यांनी फक्त पट्टा पाहिला. पट्टा सरळ होता. फूटपट्टीने सहीच केली होती जणू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

संध्याकाळी बाबा मिठाईचा पुडा घेऊन आले. त्यांना मी तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मामा आमच्याकडेच चहा पीत बसला होता. निळी बोट, अमक्याची, असं बाबा म्हणाले आणि मामाच्या हातात कप बशीवर वाजायला लागला. त्याने तो खाली ठेवला.

आणि मग मामा बोलत सुटला. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. खाऱ्या पाण्यातून आलात की इंजिन गोड्या पाण्याने धुवा. पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात तो अर्धा झिजला की बदला, नाहीतर गंज पंखा खातो. तळाचे शिंपले महिन्या-दोन महिन्यांनी खरवडा, डिझेल वाचतं. पंप नेहमी दोन ठेवा, एक हाताचा. पुढेमागे विकायची वेळ आली तर बोट पाण्यात असतानाच दाखवा, जमिनीवरची बोट सगळ्यांनाच देखणी वाटते. एकेक गोष्ट बरोबर होती. मी आजही कुणी विचारलं तर तीच सांगते. बाबा हसून म्हणाले, दादा, मी बोट घेतलीय, शाळेत नाव घातलं नाही.

"पंधरा दिवसांत एकदा वर काढा," मामा म्हणाला. "मागून बघून घ्या."

बाबा म्हणाले, आता तर मोसम उघडलाय, संपला की निवांत काढू.

"बरं," मामा म्हणाला.

त्या 'बरं'वर मी पुढची कित्येक वर्षं घालवली. एवढी शहाणपणाची यादी सांगितली त्याने, आणि त्यात एक वाक्य नव्हतं: दाजी, मागची फळी कुजलीय. ते बोललं असतं तर पट्टा सरळ का आला हे सांगावं लागलं असतं, आणि मग हात दाखवावा लागला असता. आणि मी तिथेच मिठाई वाटत होते. नुसतं थट्टेत म्हटलं असतं की मामा हल्ली चिकटपट्टी लावतो, तरी बाबा त्याच पावली चाकू घेऊन धक्क्यावर गेले असते. दिलेला शब्द पाळला म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

अकराव्या दिवशी भरल्या जाळ्यानिशी परत येताना ती फळी सुटली. वाराही फार नव्हता. पंपाला पाणी आवरेना, आणि पाऊण तासात बोट गेली. बाबा आणि त्यांचा खलाशी जाळ्याच्या तरंड्यांना, त्या तरंगत्या गोळ्यांना, धरून चार तास पाण्यात होते. मग एका बोटीने त्यांना पाहिलं. दोघं वाचले. लोक म्हणाले, जिवावर आलं ते बोटीवर गेलं. लोकांचं काय, त्यांची वीस वर्षांची शिल्लक तळाशी गेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामा घरी आला आणि बाबांच्या खाटेपाशी उभं राहून सगळं सांगितलं. पुट्टी, चिकटपट्टी, सरळ केलेला बाक. उजवा हात पुढे करून दाखवला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तोंड होतं ना तुम्हाला, दादा?" ते म्हणाले.

त्यानंतर सात वर्षं ते मामाशी बोलले नाहीत. आई भावाकडे जायची ती बाबा कामावर असताना, आणि परत आल्यावर कुठे गेली होती हे सांगायची नाही. तिच्यावर काय गुदरलं ते आम्ही तिघांनीही कधी विचारलं नाही. बाबा बर्फाच्या कारखान्यात फाटकावर बसू लागले. तिथे डबा द्यायला गेले असताना एकदा मी रिळांचं सांगून टाकलं. म्हटलं, मला ठाऊक होतं. बाबांनी डब्याचं झाकण फिरवून लावलं. मग म्हणाले, तू दुकानात बसायचीस, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचीस. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मामा मात्र बदलला. जुनी बोट बघायला कुणी आलं की तो बोलावल्याशिवाय जाऊन उभा राहायचा आणि दोष तोंडाने, मोठ्याने सांगायचा. अर्थातच वर्षभरात विकणाऱ्यांनी त्याच्याकडे बोटी आणणं बंद केलं. तो लोकांची फाटकं आणि खिडक्या रंगवू लागला. खिडकीला पट्टा लागत नाही.

मग सात वर्षांनी, एका सकाळी, तो आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "दाजी, एक बोट आहे. रंगवलेली नाही. तुम्ही फक्त डोळ्यांनी बघा." फाटकं रंगवून साठवलेल्या पैशांचा विसार तो देऊन आला होता. बाबा जागचे उठले नाहीत. पण आईने कपाटाच्या खणातून त्यांचा जुना चाकू काढून समोर ठेवला तेव्हा त्यांनी तो उचलला. मीही मागोमाग गेले.

बोट पाण्यात होती. खरवडलेली, उघडी, कुठे पुट्टीचा कण नाही. बाबांनी आधी इंजिनावर हात ठेवला. थंड होतं. तेल बघितलं, तळातलं पाणी खारं आहे का ते बोटाने चाखलं, एकेक फळी टोचली. मामा मागून सांगत होता: ही फळी चार वर्षांपूर्वी बदललीय; हा खिळा गंजलाय, काढावा लागेल; इंजिन सकाळी पहिल्या खेपेला सुरू होत नाही, दुसऱ्या खेपेला होतं. शेवटी बाबा मागे गेले, पंख्याच्या दांड्यापाशी ओणवे झाले आणि तिथे आठ-दहा वेळा चाकू टोचला. पातं आत गेलं नाही. त्यांनी चाकू मिटला.

"बोट चांगली आहे, दादा."

मामाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग घेऊनच टाकू, तो म्हणाला, मोसमाला अजून महिना आहे, मी स्वतः खिळे बदलून देतो. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "खरंच चांगली आहे. पण मला आता पाण्याची भीती वाटते."

इंजिन गरम आहे हे ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. बांधलेल्या बोटीवर उभे होते, धक्का दोन पावलांवर होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ त्यांचा एक हात कठड्यावरून सुटलाच नव्हता.

"बरं," मामा म्हणाला.

आम्ही तिघं घरी निघालो. बाबा पुढे, मी मधे, मामा मागे. इंजिनाची चावी त्याच्या उजव्या हातात वाजत होती, आणि ती खिशात टाकायचं त्याला घर येईपर्यंत सुचलं नाही.