गवताला मारलेला रंग

त्या तळ्याला घाण वास यायचा. गोल्फ कोर्सच्या मधोमध पांढऱ्या दगडांची किनार केलेलं, हौसेने बदकं सोडलेलं तळं. पण वारा फिरला की नाकाला रुमाल लावावा लागे. पहिल्याच दिवशी मी क्लबच्या मॅनेजरला विचारलं, "हा वास कसला?"

त्याने गॉगल डोक्यावर सरकवला. "वास नाही हा, मॅडम. नेचर आहे. शहरात राहून तुमची सवय गेलीय."

मला शहरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझं शिक्षण अकोल्याला झालं. विषय कृषी, आणि त्यातही गवत. मी पुण्याला निघाले तेव्हा गावात सगळ्यांनी गृहीत धरलं की पोरगी कॉम्प्युटरवर बसणार. तेव्हा पुण्याला जाणारा प्रत्येक जण कॉम्प्युटरवरच बसायचा. माझा भाऊ खरोखर बसायचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत. तो आणि वहिनी धायरीत राहायचे आणि मी त्यांच्याकडे. नव्या कोऱ्या इमारतीत चकचकीत नळ होते, पाणी मात्र टँकरचं. सकाळी तासभर ते यायचं. तेवढ्यात तिघांच्या आंघोळी, धुणं, भांडी उरकून पिंप भरून ठेवायचं. वहिनी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा फेकायची नाही, कुंड्यांना घालायची.

आणि मी नोकरीला कुठे, तर हिंजवडीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भर उन्हाळ्यात दिवसभर कारंजी फिरत होती.

तिथे एक मोठी टाउनशिप उभी राहत होती. ती बांधणाऱ्या कंपनीने आमच्या संशोधन संस्थेला एक काम दिलं होतं. प्रश्न दोन होते. कमीत कमी किती पाण्यात गोल्फचं गवत तग धरेल? आणि पाणी कमी केलं तर खेळावर काय परिणाम होईल? पहिला प्रश्न माझा. दुसऱ्यासाठी खेळाच्या शास्त्रातल्या एक बाई होत्या. चाळिशीच्या, सदाशिव पेठेत वाढलेल्या, एके काळी बॅडमिंटन खेळलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही. त्या मला अहोजाहो करायच्या आणि प्रत्येक वाक्यात एक टाचणी ठेवायच्या.

कामाला लागल्यावर तळ्याचा उलगडा झाला. टाउनशिपमधल्या सगळ्या इमारतींचं सांडपाणी शुद्ध करून ते गवताला द्यायचं, अशी योजना होती. योजना चांगली होती. पाणी शुद्ध करायचा प्लांटही बांधलेला होता. फक्त तो बंद असायचा. मी मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "चालू केला की घरघर होते हो. मेंबर लोकांची एकाग्रता जाते." म्हणजे संडास-मोऱ्यांचं पाणी सरळ तळ्यात आणि तळ्यातून कारंज्यांवाटे गवतावर. जवळच्या गावातल्या बायका तिथे खुरपायला यायच्या. त्यांच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठले होते. त्या रॉकेल चोळायच्या आणि पुन्हा कामाला बसायच्या.

याहून किळसवाणं काय असेल, तर खेळणाऱ्यांच्या सवयी. चेंडू ज्या छोट्या लाकडी खुंटीवर ठेवून मारतात ती खुंटी फटका झाला की हे लोक मातीतून उपटायचे आणि दातांत धरायचे. बोलताना ती ओठांत हलायची. काही जण चेंडूवर थुंकी लावून तो अंगठ्याने पुसायचे, मग तोच अंगठा जिभेला लावून दुसरा डाग पुसायचे. मला बघवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी एकाला धीर करून सांगितलं, की सर, हे पाणी शुद्ध केलेलं नाही, तोंडात काही घालू नका. तो हसला. म्हणाला, "इथली हवा किती शुद्ध आहे बघा!"

मॅडम बाजूला उभ्या राहून त्यांच्या यंत्राची तार गुंडाळत होत्या. "राहू द्या," त्या मला म्हणाल्या. "आपण गवताच्या, मी मनगटाच्या. पोटाचं कंत्राट आपल्याकडे नाही."

आम्ही कोर्सवरचे काही पट्टे आखून घेतले. काहींना नेहमीचं पाणी, काहींना निम्मं, काहींना त्याहून कमी. मेंबरांपैकी जे तयार होते त्यांना मॅडम तिथे खेळायला लावायच्या. यंत्राने फटक्याचा वेग मोजायच्या, आणि चेंडू पडल्यावर किती घरंगळतो ते मी टेपने मोजायचे. उन्हाळा चढत गेला तशी कमी पाण्याची जमीन कडक झाली. गवत पिवळं पडलं, पण मुळं जिवंत होती. मी रोज खुरपून बघायचे. हे बाहेरून आणलेलं गवत म्हणजे आपल्या हराळीचीच जात, ते सहजासहजी मरत नाही. आणि अशा जमिनीवर चेंडू पडून खूप पुढे जायचा. त्याच माणसाचा, त्याच ताकदीचा फटका, पण हिरव्या ओल्या पट्ट्यापेक्षा पिवळ्यावर लांब. पाणी वाचत होतं, खेळही सुधारत होता. एवढं सरळ उत्तर संशोधनात सहसा मिळत नाही. त्या दिवसांत मी धायरीहून स्कूटीवर येताना बायपासवर एकटीच गाणी म्हणायचे.

मेंबरही खूश झाले. लांब गेलेल्या चेंडूकडे बघून एकमेकांच्या पाठी थोपटायचे. मग एका सकाळी त्यांच्यातल्या एका गृहस्थाचं जमिनीकडे लक्ष गेलं. तो एका मोठ्या आयटी कंपनीत फार वरच्या जागेवर होता आणि क्लबच्या समितीवरही. त्याने पट्ट्याकडे बघून नाक मुरडलं.

"हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. तो ऐकत नव्हता, माझ्या बोलण्याची ढब ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तुम्ही तिकडच्या का? वऱ्हाडातल्या?"

मी हो म्हटलं, तालुका सांगितला. त्याचं गाव शेजारच्याच तालुक्यातलं निघालं. मला वाटलं, आता हा गावाकडचं काहीतरी विचारेल, बोलेल. पण त्याने ती दातातली खुंटी काढली आणि तिने माझ्या पट्ट्याकडे बोट केल्यासारखं केलं.

"हुबेहूब आमच्या पडीक रानासारखं दिसतं हे. मी हे बघायला गाव सोडलं का हो? इतकी वर्षं अमेरिका, सिंगापूर केलं आणि रविवारी उठून पुन्हा तेच बघायचं?"

"पण सर, चेंडू लांब जातो इथे. आपलाच गेला आत्ता."

"मला हिरवं पाहिजे," तो म्हणाला आणि ती खुंटी परत तोंडात धरून निघून गेला. तळ्याची झुळूक नेमकी त्याच्यावरून माझ्याकडे येत होती. त्याला ती जाणवत नव्हती. पिवळ्या गवताची मात्र त्याला शिसारी आली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी टेप घेऊन पुढचा चेंडू मोजायला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं की परदेशातले पाहुणे येणार आहेत. मेंबरांच्या कंपन्यांचे मोठे ग्राहक, त्यांच्यासाठी स्पर्धा आणि नंतर समारंभ. त्यात क्लबला पर्यावरणस्नेही म्हणून कसलंसं सन्मानचिन्ह मिळणार होतं. आदल्या दिवशी मी सकाळी पोचले तर माझ्या पट्ट्यांवर खुरपणाऱ्या बायका ओळीने चालत होत्या. पाठीवर फवारणीचे पंप होते आणि नळ्यांतून गर्द हिरवा रंग उडत होता. वाळलेल्या पात्यांवर, मातीवर, दगडांवर, सगळीकडे. तळ्याकडे दोघं जण पिंपातून निळं काहीतरी ओतत होते. बदकं एका कोपऱ्यात गोळा झाली होती आणि त्यांची पोटं निळी झाली होती.

मी धावत मॅनेजरकडे गेले. "हे थांबवा. माझा प्रयोग चालू आहे तिथे!"

"प्रयोग चालूच आहे की," तो म्हणाला. "उलट तुमचा प्रयोग हिरवा झाला. खूश व्हा. बाहेरच्या देशांत सर्रास मारतात हा रंग."

ते खरंही होतं, मी वाचलेलं होतं. पण त्याने मला बरं वाटलं नाही.

दुपारी बायका झाडाखाली जेवायला बसल्या. हात धुतले तरी रंग निघाला नव्हता. कोपरापर्यंत हिरव्या हातांनी त्या भाकरी मोडत होत्या. माझ्याशी नेहमी बोलणारी एक होती, तिने तळवे पुढे केले. "ताई, ह्यो रंग कशानं निघंल? लेकराला घ्यायचं हाय घरी जाऊन."

मी माझ्या बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने तिचे हात धुवून दिले, साबण दिला. निघाला नाही. मी माझा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

समारंभाच्या दिवशी सकाळी खेळ झाला. पहाटे कारंजी फिरवली होती, त्यामुळे रंग सुटला. पाहुण्यांचे पांढरे बूट हिरवे झाले, विजारींचे काठ हिरवे झाले. ते आधी चकित झाले, मग सभ्यपणे काही बोलले नाहीत. आमचे मेंबर सवयीप्रमाणे थुंकीने चेंडू पुसत होते. तो वऱ्हाडातला गृहस्थ सन्मानचिन्ह घ्यायला व्यासपीठावर चढला तेव्हा त्याचे ओठ हिरवे होते. त्याने इंग्रजीत भाषण केलं: निसर्ग आपली आई आहे, आम्ही पाण्याचा थेंबन् थेंब वाचवतो. बोलताना हिरवी जीभ आतबाहेर होत होती. समोर मांडवात शंभरेक माणसं बसलेली, कोणी हसलं नाही. वेटर तळलेली मासळी फिरवत होते आणि मागून तळ्याचा वास येत होता.

मग त्याने अचानक माझ्याकडे हात केला. "आणि हे ज्यांनी करून दाखवलं त्या आमच्या शास्त्रज्ञ. माझ्याच भागातल्या आहेत! या, सांगा यांना, इतक्या कमी पाण्यात इतकं हिरवं गवत कसं?"

मला यातलं कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी वर गेले. माझ्या हातात माईक आला. मी इंग्रजीतच म्हटलं, "कमी पाण्यात गवत पिवळं होतं. मरत नाही, पण पिवळं होतं. तुम्हाला दिसतोय तो हिरवा रंग काल फवारलेला आहे. आपल्या बुटांना लागलाय तोच. आणि तळ्यातलं पाणी सांडपाणी आहे, त्यातही रंग टाकलाय."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आणि मग पुढच्या रांगेतला एक पाहुणा आपले बूट बघून खो खो हसला. त्याच्या मागोमाग सगळा मांडव. टाळ्या पडल्या. हिरव्या ओठांचा तो गृहस्थ माझ्या खांद्यावर थोपटत माईकमध्ये म्हणाला, "आमच्याकडच्या लोकांचा विनोद असाच असतो, अगदी कोरडा!" पुन्हा टाळ्या.

मी खाली उतरले ती थेट पार्किंगच्या भिंतीमागे गेले आणि ओकले. मॅडम मागून आल्या. पाण्याची बाटली दिली, माझी वेणी मागे धरली. माझं तोंड धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "अभिनंदन. आता आपल्याला गणेशोत्सवात विनोदी कार्यक्रमाची आमंत्रणं येतील." मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "चला. यंत्र मी उद्या एकटी येऊन नेते. आपण परत इथे येऊ नका."

संध्याकाळी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिचा सगळा जन्म शेतात हराळी खणून काढण्यात गेलेला. तिने रंगाचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "हराळीले रंग मारते? अन् मंग एखाद्या गायीनं खाल्लं तं?" गाईंचं कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

रंग मारण्याआधीच्या मोजमापांवर आमचा अहवाल झाला. मॅडमनी आणि मी त्यात तळ्याबद्दल, प्लांटबद्दल, रंगाबद्दल स्वच्छ लिहिलं. कंपनीने आभार मानले. पुढे टाउनशिपच्या जाहिरातीत आमच्या अहवालातलं एकच वाक्य आलं, निम्म्या पाण्यात गवत जगतं एवढंच. कारंजी पहिल्यासारखी फिरत राहिली. आमच्या संस्थेच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की काम उत्तम झालंय, पण पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर थट्टा टाळा. मी वर्षाच्या आत ती संस्था सोडली.

सोडण्याआधी एकदा त्या मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. समितीला माझी आठवण येते, कायमची नोकरी देतो, ऑफिस देतो, पाहुणे अजून तुमचा तो जोक सांगतात. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, "निदान बघायला तरी या. वासाची तुमची तक्रार होती ना, ती आम्ही मनावर घेतली."

मॅडम येऊ नका म्हणाल्या होत्या, तरी मी गेले. प्लांट दुरुस्त केला असेल असं मला खरोखर वाटलं, हे आता सांगतानाही कसंतरी होतं. दिवस मावळायला आला होता. तळ्याच्या काठाने दाट झुडपं लावलेली होती. मॅनेजरने हात पसरून दाखवलं. "रातराणी! सगळीकडे. संध्याकाळी उमलते, तेव्हाच पार्ट्या असतात."

फुलं उमलायला लागली होती. तो गोड, जड वास आणि त्याच्या खालून वर येणारा तो दुसरा. दोन्ही मिळून जे झालं होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. मॅनेजर डोळे मिटून खोल श्वास घेत होता. मी स्कूटीकडे गेले.

यालाही आता बरीच वर्षं झाली. धायरीत माझं स्वतःचं घर झालं. मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या सभेत कोणीतरी सुचवलं की गेटजवळ रातराणी लावू, येताजाता छान वाटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून विरोध केला, जरा मोठ्या आवाजातच. सेक्रेटरी काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, रातराणीने आपलं काय घोडं मारलंय? कारण तरी सांगा."

मी म्हटलं, "ॲलर्जी आहे." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि जास्वंद लावायचं ठरलं.