सात वर्षांची चटणी

आमचा चटणीचा डंक आहे. उन्हाळ्यात बायका मिरच्या-मसाला घेऊन येतात, दोन लोखंडी मुसळं दणादणा आदळतात आणि वर्षाची चटणी तयार होते. आपल्या मिरच्या कुणी बदलू नयेत म्हणून बायका यंत्रापाशीच ठाण मांडतात. शिंकतील, रडतील, पण हलणार न्हाईत.

सात वर्षांपूर्वी एक काकी आली. मी तिला ओळखलं, तिनं मला न्हाय. मी दहावीत असताना आम्ही तिच्याकडं भाड्यानं राहायचो. एकदा खोलीत डोकावली, फळीवरची बुद्धमूर्ती बघितली, "छान हाय" म्हणाली आणि आडनाव परत विचारलं. संध्याकाळी कळलं की तिचा पुतण्या राहायला येतोय, खोली रिकामी पायजे. निघताना आईनं फरशी पुसून दिली. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंतसुद्धा बाईला दम निघाला नाही, आमच्यादेखत तिनं खोलीत गोमूत्र शिंपडलं. पुतण्या अजून यायचाय.

तर तिला बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं, चटणीत दोन मुठी मीठ जास्त टाकावं. पण एवढ्यावर सुटली असती. मी ठरवलं, हिला आपल्या हातचं पोटभर खाऊ घालायचं आणि मग एक दिवस सांगायचं, कुणाच्या हातचं खाल्लंस ते.

त्यासाठी बाई टिकायला पाहिजे. म्हणून तिची चटणी मी जीव ओतून कुटली. देठं स्वतः खुडली. तिचे तीळ करपलेले निघाले तर घरचे भाजून घातले. एवढी मी कुणासाठी राबले नाही, नवऱ्यासाठी तर नाहीच नाही. ती खूश. "तुझ्या हाताला चव हाय की गं! न् स्वच्छता तरी किती!" आमच्या कपातून चहा प्यायची, लेकीला पुण्याला डबा धाडायची. आडनाव विचारलं तेव्हा मी आजऱ्याच्या काजूंचं काढून विषय बदलला. ती यायची त्या दिवशी मी डंकावरची बुद्धाची तसबीर उतरवून आत ठेवायची. खोटं सांगत नाही, फार वाईट वाटायचं. पण ठेवायची.

यंदा मला राहवेना. डंकावर आणखी चार बायका होत्या. काकी डबा पिशवीत घालत होती. मी यंत्र बंद केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "काकी, पुतण्या आला का वो राहायला? आम्ही तीच, तुमच्या खोलीतली बौद्धांची. सात वर्षं आमच्या हातचं खाताय की! आता गोमूत्र कुठं शिंपडणार, पोटात?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. डबा तिथंच टाकून चालती झाली. एक बाई फिस्सकन हसली. मला असं गार वाटलं म्हणून सांगू!

घरी जाऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, म्हातारी टाळी देईल. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"म्हंजे आपला हात लागला की माणूस बाटतंय, आसं सांगून आलीस व्हय?"

"न्हाय गं आई," मी म्हटलं.

पण तेच सांगितलं होतं. तेही चार बायकांसमोर, नीट ऐकू जावं म्हणून यंत्र बंद करून.